अंपायरची पाकिटं

माझ्या काकांकडे कोणी पाहुणा पहिल्यांदा आला की चहाला उकळी फुटायच्या आत शोभाकाकू त्याला सांगून मोकळी व्हायची, "यायनं माह्याशी लग्न नाही केलं बरं का, माह्या बाबाच्या माळ्यावरच्या खोक्यायशी केलं." पाहुणा हसायचा, काका त्याच्याहून मोठ्यानं हसायचे, आणि मग ती खोकी कशाची होती हे ऐकून घेण्यात पाहुण्याचा अर्धा तास जायचा. आम्ही वरच्या मजल्यावर राहणारे. मला ती गोष्ट इतकी पाठ झाली होती की खालून हसण्याचा आवाज आला की पुढचं वाक्य मी वर भांडी लावता लावता म्हणायचे.

यज्ञेश्वर हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या टेबलखुर्चीवर बसून पगार घेणारं. काकाही यवतमाळच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर चिकटले ते तिथेच राहिले. साहेब आले, गेले, काका आलेल्या कागदावर शिक्का मारत राहिले. मूलबाळ झालं नाही. त्यावरून घरात जे काही बोललं गेलं ते लिहायची मला इच्छा नाही. माणूस इतका भाबडा की भाजीवाल्यानं पिशवीत सडका टमाटर घातला तर म्हणायचे, "गर्दीत त्याच्या ध्यानात नसन आलं." मला या भाबडेपणाचा संताप यायचा. मी दत्त चौकातल्या एका लॅबमध्ये रक्त काढते. दिवसभर लोकांच्या शिरा शोधून शोधून माझा गोडवा तसाही कमी झालेला आहे. मी त्यांना तोंडावर सांगायचे, "काका, तुम्हाले कोनीबी गंडवते." ते म्हणायचे, "गंडवू दे ना मितू. त्याचं पाप त्याच्यापाशी."

आता खोक्यांबद्दल. काका शाळेत असताना 'फटाफट' नावाचं एक बबलगम निघालं होतं. मेणकागदाचं चपटं पाकीट, आत गुलाबी गोळीची पट्टी आणि क्रिकेटपटूचं एक कार्ड. कंपनी चिंधी होती. खऱ्या खेळाडूंचे फोटो छापायची तिची ऐपत नव्हती, म्हणून तिनं कोणा चित्रकाराकडून एक अख्खी खोटी टीम काढून घेतली. चित्रकारानं क्रिकेट फारसं पाहिलं नसावं. एका बॉलरचा अंगठा चुकीच्या बाजूला आहे. अकरा खेळाडू आणि एक अंपायर. अकरा खेळाडू जमवून दुकानदाराला दाखवले की खरीखुरी बॅट मिळणार, अशी स्कीम होती. अंपायर कशातच धरायचे नाहीत. तो निघाला की पोरं त्याला शिव्या घालून नालीत टाकायची.

काकांकडे त्या वयातच दहा खेळाडू झाले होते. राहिला होता फक्त किपर. हिरवे ग्लोव्हज घातलेला, वाकून उभा असलेला विकेटकीपर. तो काकांना कधी निघाला नाही. त्यांच्या वर्गात कोणालाच निघाला नाही, यवतमाळात कोणाला निघाल्याचं ऐकिवात नव्हतं. मग कंपनी बुडाली, पोरं मोठी झाली आणि किपरला सगळे विसरले. काका तेवढे विसरले नाहीत.

पुढं नोकरी लागल्यावर मुलगी पाहायला म्हणून त्यांना फुलसावंगीला नेलं. मुलीचे वडील पुंडलिकराव किराणा दुकानदार. पोहे झाले, प्रश्न विचारून झाले, आणि काकांची नजर मुलीवरून सरकून वर माळ्यावर गेली. तिथं 'फटाफट'ची पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचलेली. त्या चिंधी कंपनीनं सगळ्या जिल्ह्याची एजन्सी फुलसावंगीच्या या दुकानाला दिलेली होती आणि कंपनी बुडाल्यावर उरलेला माल तसाच माळ्यावर पडून होता. काकांनी घरी परत यायच्या आत, तिथल्या तिथं होकार दिला. लग्नात सासऱ्यानं ती सगळी खोकी जीपमध्ये घालून पाठवून दिली. पुंडलिकरावांना वाटलं जावई जरा हलका आहे डोक्यानं, पण सरकारी नोकरीवाला आहे.

तेव्हापासून दर रविवारचा नेम. सकाळी तर्री-पोहे, मग काका पलंगावर मांडी घालून बसायचे, काकू शेजारी, आणि एक पाकीट फोडलं जायचं. एकच. जास्त फोडली तर संपतील म्हणून. फोडायच्या आधी काका पाकीट खिडकीच्या उजेडात धरून त्याच्या पाठीमागचा जोड पाहायचे. मेणकागद जिथं गरम करून चिकटवलेला असतो, तो जोड. बहुतेक पाकिटांवर त्या जागी मशीनचे बारीक दाते उमटलेले असायचे. काहींवर मात्र दाते नव्हते, नुसती सपाट पट्टी होती. सपाट जोडाच्या पाकिटात हटकून अंपायर निघायचा. काकांनी सुरुवातीलाच हे हेरलं आणि त्यावर सिद्धांत बसवला, की कंपनीकडे दोन मशिनी होत्या, खेळाडू चांगल्या मशीनवर भरायचे आणि अंपायर जुन्या खटारा मशीनवर. क्वचित दातेवाल्यातूनही अंपायर निघाला, तर तो चुकून चांगल्या मशीनवर गेला म्हणायचे. सपाट जोड दिसला की ते ऐटीत म्हणायचे, "अंपायर!" आणि पाकीट न फोडता एका पत्र्याच्या डब्यात टाकून द्यायचे. दुसरं घ्यायचे. ते फोडताना दर वेळी त्यांचा श्वास थांबायचा. मी स्वतः पाहिलंय. आणि दर वेळी बॉलर, ओपनर, स्लिपवाला, पुन्हा बॉलर. "पुढच्या रविवारी," असं म्हणून ते गोळीचा वाळलेला तुकडा काकूच्या तळहातावर ठेवायचे आणि काकू तो टाकून यायची.

अलीकडे फोनवर अशा जुन्या कार्डांच्या शौकिनांचा एक ग्रुप निघाला, तर काका त्यात सामील झाले. त्यात अकोल्याचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्याकडे किपर एक नाही, दोन होते. ते म्हणायचे, आमच्याकडे किपर सहज निघायचा, आणि अंपायरच्या पाकिटालाही दातेच असायचे. काकांनी उत्तर दिलं, "मग तुमचा माल दुसऱ्या कारखान्यातला असंन." त्या शिक्षकांनी एक किपर फुकट देऊ केला. काकांनी हात जोडलेलं चित्र पाठवून नाही म्हटलं. दुसऱ्याला निघालेलं ते दुसऱ्याचं. आपला किपर आपल्या पाकिटातून, आपल्या हातानं निघाला पाहिजे. एकदा मुकुटबनच्या एका जुन्या दुकानात खोकं आहे असं कळलं म्हणून एसटीनं तिथवर गेले, तर खोकं होतं आणि आत उंदरांनी पिल्लं घातलेली होती. तरी हसत परत आले.

मग त्यांचे डोळे जायला लागले.

अंधारात त्यांना आधीपासूनच कमी दिसायचं, आजोबांनाही तसंच होतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पुढं बाजूचं दिसेनासं झालं. ऑटो अंगावर येईपर्यंत कळायचं नाही. एकदा ऑफिसच्या दारातच नालीत पडले, गुडघा फुटला, आणि त्यांच्याच हाताखालचा शिपाई म्हणाला, "साहेब, सकाळी सकाळीच?" तो दारूबद्दल बोलत होता. ज्यानं आयुष्यात सुपारी खाल्ली नाही त्या माणसाला हे ऐकावं लागलं. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्याचा पडदा सुकत चाललाय, याला औषध नाही, मधलं जे नळीतून पाहिल्यासारखं थोडं दिसतंय तेही वर्षभरात जाईल. काकू खुर्चीत बसून रडली.  परतीच्या बसमध्ये अर्ध्या रस्त्यावर काका मला म्हणाले, "मितू, मले कोनाचं तोंड पाहाचं राह्यलं असं नाही. तुमची साऱ्यायची तोंडं पाठ आहेत. फक्त त्या किपरले एकदा पाहू दे. आपल्या पाकिटातून निघालेला. मंग जाऊ दे डोळे."

मी खिडकीबाहेर बघत बसले. मला रडणं आवडत नाही, विशेषतः एसटीत.

त्यानंतर नेम थोडा बदलला. काकांना जोड दिसेना, म्हणून पाकीट निवडून द्यायचं काम काकूकडे आलं. "सपाट असंन तर नको देऊ, दातेवालं दे," असं सांगून ते हात पुढं करायचे. काकू खोक्यात चाचपून दातेवालं पाकीट त्यांच्या हातावर ठेवायची. काका फोडायचे, कार्ड डोळ्यापाशी नेऊन खालीवर सरकवायचे, कारण एका नजरेत अख्खं कार्ड मावत नव्हतं. मग "बॉलर." मग "पुढच्या रविवारी." शेवटचं खोकं अर्ध्यावर आलं होतं. पाकिटं आधी संपतात की डोळे, एवढाच प्रश्न उरला होता.

एका दुपारी काका ऑफिसात असताना मी खाली गेले. काकू तूर निवडत बसली होती. मी सहज म्हटलं, "इतक्या पाकिटात एकबी किपर नाही म्हंजे काकाचं नशीबच फुटकं."

काकूचा हात ताटात थांबला. "नशीब नाही मितू. त्यात किपर नाहीच."

"तुले काय माहीत?"

"मीच काढले," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मग ती खाली मान घालून सांगत गेली. माल आला की पुंडलिकराव तिला मागच्या खोलीत बसवायचे. ती तेव्हा शाळेत जाणारी, बोटं बारीक. पिवळ्या बल्बसमोर एकेक पाकीट धरायचं. कागद पातळ, आतून हिरवा डाग दिसला म्हणजे ग्लोव्हज, म्हणजे किपर. ते पाकीट चहाच्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, वाफेवर धरून अलगद उघडायचं, किपर काढायचा, त्याच्या जागी अंपायर घालायचा. अंपायरचे गठ्ठे कंपनीनंच फुकट वाटायला पाठवलेले होते. मग गरम पळीच्या पाठीनं जोड पुन्हा चिकटवायचा. पळीला दाते कुठून येणार? जोड सपाट व्हायचा. ती घरातली कामं करायची तसंच हेही करायची.

"पण कायले?"

"कोनाचेच अकरा झाले नाही तं बॅट कोनाले द्या लागत नाही. कंपनीनं बॅटी पाठोल्या होत्या. बाबानं त्या तहसीलच्या साहेबलोकायच्या पोरायले देऊन टाकल्या."

"आन ते किपर?"

"बंबात. आंघोळीचं पानी तापाचं त्याच्यावर."

मी उठून उभी राहिले. पुंडलिकराव जाऊन पुष्कळ वर्षं झाली, नाहीतर मी तशीच फुलसावंगीला गेले असते. मेलेल्या माणसावरचा राग फार वाईट, तो जिवंत माणसावर निघतो. मी काकूला नको नको ते बोलले. इतकी वर्षं तू शेजारी बसून पोहे खात होती का, असंही बोलले.

ती रडली नाही. म्हणाली, "लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सांगणार होती. ते इतके खूश होते! म्हटलं, माह्या बापाले चोर कसं म्हणू नव्या नवऱ्यापुढं. मंग दुसरा रविवार आला. मंग राहूनच गेलं. दहा वर्षं झाल्यावर कोन्त्या तोंडानं सांगावं मितू? तूच सांग."

मी पुन्हा खाली बसले आणि तिच्या ताटातली तूर निवडायला लागले.  आणि खरं सांगायचं तर संतापाच्या खाली मला तिची कीवही येत होती. ज्या घरात मूल नाही तिथं नवऱ्याचा एक रविवार हसता ठेवायला ती दर आठवड्याला खोटं बोलत होती, आणि ते खोटं तिनं लहानपणी बापाच्या सांगण्यावरून आपल्याच हातानं चिकटवलेलं होतं.

पुढची कल्पना तिची. मी फक्त फोन केला. अकोल्याच्या शिक्षकांनी एका शब्दानं काही विचारलं नाही, चार दिवसांत कुरिअरनं किपर आला. मी पहिल्यांदाच पाहिला तो. हिरवे ग्लोव्हज, वाकलेला, चेहऱ्यावर बद्धकोष्ठ झाल्यासारखा भाव. यासाठी एवढं, असं मनात आलं आणि लगेच लाजही वाटली.

काका ऑफिसला गेल्यावर काकूनं दार लावलं. खोक्यातलं एक दातेवालं पाकीट घेतलं, गंजात पाणी उकळलं. मी पाहत होते. तिची बोटं आता जाड झालीत, सांधे दुखतात, पण पाकीट वाफेवर धरलं आणि ती बोटं कामाला लागली. कागद कुठंही फाटला नाही. आतला बॉलर काढला, किपर घातला, पळी गॅसवर तापवली, फडक्याला पुसली आणि तिच्या पाठीनं जोडावरून एकदाच फिरवली. मी म्हटलं, "सपाट झाला वं काकू. दाते नाहीत."

"त्यायले आता जोड कुठं दिसते," ती म्हणाली. "मी दातेवालंच देते हे त्यायले माहीत आहे."

ते मलाही पटलं. इतकी वर्षं काका जोड डोळ्यांनीच पाहत आले होते.

रविवारी मी मुद्दाम खाली पोहे खायला गेले. काका पलंगावर बसले, हात पुसले आणि तळवा पुढं केला. काकूनं पाकीट ठेवलं.  काकांनी पाकीट उलटं केलं आणि बोलता बोलता त्यांचा अंगठा जोडावरून फिरला. एकदा इकडून, एकदा तिकडून.

"अंपायर," ते म्हणाले, आणि पाकीट बाजूला ठेवलं. "तुह्याबी डोळ्यायले झालं वाटते शोभा काही. हे सपाट आहे. दुसरं दे."

काकू माझ्याकडे पाहायला लागली. मी तिच्याकडे. डोळे गेले तसा त्यांचा अंगठा शिकत गेला होता, आणि त्याला आजवर सपाट जोड लागलाच नव्हता, म्हणून त्यांनाही ते माहीत नव्हतं, आम्हालाही नाही.

"असू द्या, फोडा तं," काकू म्हणाली.

"कायले? अंपायरच असते त्याच्यात."

"फोडा ना."

"अवं, वाया कायले घालवाचं..."

"काका, फोडा ना," मी म्हटलं. माझा आवाज नको तितका वर गेला. "मले अंपायर पाहाचा आहे."

काका हसले. बायामाणसांचा हट्ट म्हणून पाकीट उचललं, फोडलं, कार्ड काढलं आणि डोळ्यापाशी नेलं. ते त्यांनी खाली सरकवलं, वर सरकवलं, पुन्हा खाली आणलं. मग त्यांचा हात तिथंच थांबला. "हिरवं आहे," ते म्हणाले. "मितू, हिरवं आहे वं! ग्लोव्हज आहेत हे!" मी हो म्हटलं. त्यांनी कार्ड कपाळाला लावलं, काकूचा हात शोधून धरला, आणि एवढा मोठा माणूस ओठ दाबून रडायला लागला. "निघाला. आपला निघाला शोभा." काकूही रडत होती. त्या क्षणी मला वाटलं, झालं ते बरं झालं. खोट्याचं एकदा तरी काही चांगलं झालं.

पाकिटाचा कागद त्यांच्या मांडीवर पडला होता. रडणं ओसरल्यावर तो उचलून त्यांनी सवयीनं पुन्हा अंगठा फिरवला. "पन हा अंपायरच्या मशीनवरचा आहे," ते म्हणाले. कागद नाकाशी नेला. मेणाचा वास ताजा होता. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक समजूत आली, आणि ती रागाची नव्हती. ते हसले. "हे तू बंद केलं शोभा?"

काकू पोह्यांच्या बशा गोळा करायला लागली.

"मह्यासाठी आनला कुठून तरी. हाव ना? मितूनं आनला असंन." त्यांनी काकूच्या हातावर थोपटलं. "पागल आहा दोघीबी. पन काय सुंदर चिकटवलं वं! मले कळलंबी नसतं." ते खरोखर कौतुकानं बोलत होते. अंगठा अजून जोडावरच होता. मग तो थांबला. "पन तुले हे येते कसं?"

काकूनं काही सांगितलं असतं तर बरं झालं असतं. काहीही, एखादी थाप. मी तोंड उघडत होते तेवढ्यात काका म्हणाले, "मितू, तो डबा दे." अंपायरचा पत्र्याचा डबा. मी दिला. त्यांनी त्यातली पाकिटं मांडीवर ओतली आणि एकेकावरून अंगठा फिरवत गेले. सपाट. सपाट. सपाट.  शेवटचं पाकीट झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे सारे?"

"हाव," काकू म्हणाली.

"बाबानं सांगतलं?"

"हाव. मी लहान होती."

"मीबी लहानच होतो," काका म्हणाले. "म्हंजे शाळेत होतो तवापासून मी तुह्याच हातचे अंपायर घेऊन राह्यलो." ते हे विनोदासारखं म्हणाले, पण कोणी हसलं नाही. "आन किपर?"

"जाळले."

"एकबी नाही ठेवला?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग तोंड तिच्याकडे वळवलं. त्यांना दिसतं त्या नळीत तिचा चेहरा यावा म्हणून मान थोडी हलवली, आणि तो सापडल्यावर तिच्याकडे पाहत अगदी हळू विचारलं, "आन तू दर रविवारी मह्याजवळ बसून वाट पाहे. कशाची वं?"

 काकू उठून आत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

काकांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर मी त्यांना जास्त सहज माफ केलं असतं, आणि काकूनंही. त्यांनी मला किपर दिला आणि अकोल्याच्या शिक्षकांना धन्यवाद म्हणून परत पाठवायला सांगितला. उरलेलं खोकं पलंगाखाली ढकललं. पुढच्या रविवारी पोहे झाले, ते खाऊन काका आडवे झाले. पाहुण्यांना सांगायची गोष्टही बंद झाली. एकदा कोणी आठवण काढली तेव्हा काका म्हणाले, "त्यात काही नव्हतं," आणि विषय बदलला. भाजीवाल्यानं सडकं दिलं तर आता ते "गर्दीत" वगैरे म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत. मला हवं होतं तसेच झाले ते, आणि मला ते बघवत नाही.

दिवाळीच्या आधी उरलंसुरलं दिसणं गेलं. आता सगळं काकूच्या हातानं. ती त्यांना न्हाणीपर्यंत नेते, कपडे काढून देते, ताटात भाजी कुठं आणि भात कुठं ते सांगते, रस्ता ओलांडताना त्यांचं मनगट धरते. त्यांच्यात भांडण नाही. बोलतात, एकत्र जेवतात, संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसतात. शेजाऱ्यांना वाटतं, केवढी सेवा करते बाई.

पण ती काहीही हातात देते तेव्हा काका ते लगेच घेत नाहीत. औषधाच्या गोळीचं पान असो, बिस्किटाचा पुडा असो, आधी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवतात. इकडून एकदा, तिकडून एकदा. काकूला ते दिसतं. तिला कळतं ते काय शोधत आहेत. त्यांचं होईपर्यंत ती हात तसाच पुढं धरून उभी असते.